डोनाल्डसनचे 5,000 स्ट्राइकआउट खरे मानायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुण प्रशिक्षकाकडे 15 वर्षांचा एक डावखुरा पिचर (बॅटरकडे चेंडू टाकणारा) शिकायला येतो. त्याने कुठेतरी वाचलं की जॉन डोनाल्डसन नावाच्या कृष्णवर्णीय डावखुऱ्याने 400 हून जास्त सामने जिंकले, 5,000 हून जास्त बॅटर स्ट्राइकआउट केले (म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद केले), आणि तरीही मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, तो एकही सामना खेळला नाही. पोराने सरळ विचारलं, "सर, मग हा रँडी जॉन्सनपेक्षा मोठा का?" सरांची अडचण अशी की त्यातले बहुतेक सामने गावोगावच्या संघांविरुद्धचे. ते आकडे धरायचे कसे? आणि आजच्या डावखुऱ्या मुलाला त्यातून दाखवण्यासारखं काही आहे का?

मी स्वतः डावखुरा. विद्यापीठाच्या संघापर्यंत पिचिंग केलं आणि त्यानंतर 22 वर्षं बेसबॉल-सॉफ्टबॉलची मुलं-मुली शिकवतो आहे. डोनाल्डसनबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी सरळ सांगतो. आकडे खरे आहेत. पण ते मेजर लीगमधल्या डावखुऱ्या रँडी जॉन्सनच्या 4,875 स्ट्राइकआउटशेजारी ठेवायचे नाहीत. 5,000 मोठे की 4,875 मोठे, ही तुलना डोनाल्डसनवरही अन्याय करते. जॉन्सनला कोणाविरुद्ध खेळायचं ते ठरवून मिळालं होतं: लीग, वेळापत्रक, ठरावीक उंचीचा माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा), नवे चेंडू, पाच दिवसांतून एकदा पिचिंग. डोनाल्डसनला यातलं काहीच मिळालं नाही. त्याचा आकडा त्या नसण्यासकट वाचावा लागतो.

डोनाल्डसनचा जन्म 1891 चा, मिसुरी राज्यातल्या ग्लासगो या नदीकाठच्या गावचा. त्याच्या जन्माआधी काही वर्षं, 1880 च्या दशकात, मोझेस फ्लीटवुड वॉकरसारखे मोजके कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या व्यावसायिक संघांत दिसत होते. मग दार बंद झालं. कुठल्याही नियमपुस्तकात तसं कलम नव्हतं. मालकांनी आपसांत ठरवलं आणि सगळ्यांनी पाळलं. 1947 च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगच्या ब्रुकलिन संघाकडून मैदानात उतरेपर्यंत ते तसंच चाललं. डोनाल्डसन तेव्हा पंचावन्नच्या पुढे गेला होता. म्हणजे त्याची सगळी कारकीर्द, पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत, त्या बंद दाराबाहेर झाली.

1911 मध्ये तो टेनेसी रॅट्स नावाच्या फिरत्या संघाबरोबर निघाला. हे साल मराठी माणसाच्या लक्षात राहण्यासारखं आहे. त्याच 1911 च्या उन्हाळ्यात आपले बाळू पालवणकर, तेही डावखुरे, इंग्लंडच्या दौऱ्यावर 114 बळी घेत होते. पुण्याच्या जिमखान्यावर महिना 4 रुपये पगारावर खेळपट्टी राखणारा, साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी टाकणारा, आणि आपल्याच संघाबरोबर पॅव्हेलियनमध्ये चहा घ्यायची मुभा नसलेला हा माणूस. हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं म्हणून बाळूंना संघात घेतलं, कर्णधारपद मात्र कधीच दिलं नाही. दोघांची गोष्ट एक नाही. पण डावखुऱ्या हाताची गरज लागते तेव्हा माणसं तो हात वापरतात आणि हाताच्या मालकाला बाहेर उभं करतात, हे दोन्हीकडे एकाच वर्षी चाललं होतं. माझ्या डोक्यात ही दोन नावं नेहमी जोडीनेच येतात.

पुढे डोनाल्डसन जे. एल. विल्किन्सन यांच्या 'ऑल नेशन्स' संघात गेला. 1912 मध्ये उभा राहिलेला हा संघ नावाप्रमाणे होता. कृष्णवर्णीय, गोरे, क्यूबन, मूळ अमेरिकन, आशियाई असे सगळे त्यात एकत्र खेळत. क्यूबाचा थोर पिचर होसे मेंडेझही होता. संघाचा स्वतःचा रेल्वेचा डबा असे. त्यात झोपायचं, त्यातच सामान. बरोबर बँड, कुस्तीगीर, आणि उचलून नेता येतील अशी प्रेक्षकांची बाकं. आयोवा, मिनेसोटा, डकोटा, नेब्रास्का, कॅन्सस. गाडी थांबेल त्या गावी दुपारी सामना, रात्री पुढचं गाव. तो डबा म्हणजे चैन नव्हती. गावातलं हॉटेल कृष्णवर्णीय माणसाला खोली देईलच याचा भरवसा नसे, जेवण कुठे मिळेल ते माहीत नसे, म्हणून अंथरूण बरोबर घेऊन फिरायचं.

आता एक पिचर म्हणून त्या रोजच्या दुपारकडे बघा. हेच मला त्या आकड्यांमध्ये सगळ्यात मोठं वाटतं.

रोज नवं मैदान. माउंड कधी उंच, कधी नुसता मातीचा उंचवटा, कधी पाऊल टेकायच्या जागी खड्डा. ज्यांनी पिचिंग केलं आहे त्यांना माहीत आहे की पुढचं पाऊल अर्धा इंच खाली गेलं तरी चेंडू सुटायची जागा बदलते आणि कर्व्ह (वळणारा चेंडू) गुडघ्याऐवजी कमरेला येतो. आमची मुलं जिल्ह्याच्या स्पर्धेत एका मैदानावरून दुसऱ्यावर गेली तरी पहिल्या दोन इनिंग वाया घालवतात. डोनाल्डसनने हे वर्षानुवर्षं रोज केलं. अंपायर त्या गावचा, म्हणजे कोपऱ्यावरचा स्ट्राइक मिळेलच असं नाही. चेंडू जुना, मळलेला, कधी एकच चेंडू जवळजवळ सामनाभर. याचा पिचरला फायदा होतो, ते कबूल करायला हवं: 1920 च्या आधी मळका, मऊ पडलेला चेंडू लांब जात नसे आणि संध्याकाळी धड दिसत नसे. पण तोच फायदा समोरच्या पिचरलाही होता.

आणि बॅटर? हो, बरेचसे शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर, हंगामापुरते आणलेले एक-दोन व्यावसायिक. त्यातल्या कित्येकांनी चांगल्या डावखुऱ्याचा कर्व्ह आयुष्यात पाहिलेला नसेल. त्यामुळे स्ट्राइकआउटच्या आकड्यात थोडी वजावट करणं योग्यच आहे, मीही करतो. पण वजावट करताना एक गोष्ट विसरू नका. स्ट्राइकआउट म्हणजे क्षेत्ररक्षकांची मदत न घेता मिळवलेला आउट. नऊ इनिंगच्या सामन्यात 27 आउट लागतात. डोनाल्डसनच्या नावावर एकाच सामन्यात 15, 18, त्याहून जास्त स्ट्राइकआउट पुन्हा पुन्हा दिसतात. 1915 मध्ये 18 इनिंगच्या एका सामन्यात त्याने तीसच्या आसपास बॅटर असे परत पाठवले. एका इनिंगला 15 चेंडू इतका कमी हिशेब धरला तरी तो 270 चेंडूंचा सामना होतो. आज मी 15 वर्षांच्या मुलाला 80-85 चेंडूंनंतर बाहेर काढतो, मोठ्यांच्या लीगमध्ये 100 च्या पुढे गेलं की प्रशिक्षक उठून उभा राहतो. आणि 270 चेंडूंनंतर डोनाल्डसनला विश्रांती नव्हती, पुढचं गाव होतं. समोर कोणीही असो, दमलेल्या हाताने चेंडू कोपऱ्यावर ठेवणं सोपं होत नाही. शिवाय गावाला हरवायचं असायचं, पण दुखवायचं नसायचं, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं यायला हवं म्हणून. वेग कुठे सोडायचा आणि कुठे राखायचा हे त्याला रोज ठरवावं लागे.

हे आकडे आले कुठून, तेही सांगायला हवं. मिनेसोटातले संशोधक पीटर गॉर्टन आणि त्यांच्याबरोबरचे स्वयंसेवक यांनी गावोगावच्या ग्रंथालयांतून जुनी साप्ताहिकं आणि दैनिकं चाळून एकेका सामन्याची नोंद जमवली. बेरीज त्यांनी केली. लिहून ठेवलं होतं गावच्या वार्ताहराने. मी स्वतः संगणकावर अशी जी कात्रणं वाचली त्यांचे सरळ दोन प्रकार पडतात. एक सामन्याच्या आधीची. त्यात 'जगातला सर्वोत्तम' वगैरे भाषा असते, कारण ती तिकिटं खपवायला लिहिलेली असते. ती मी बाजूला ठेवतो. दुसरी सामन्यानंतरची, धावफलकासकट. हा वार्ताहर यजमान गावचा असतो, त्याचे वाचक म्हणजे हरलेल्या पोरांचे आईवडील. बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीय पिचरचे स्ट्राइकआउट वाढवून लिहिण्यात त्याचा काय फायदा? म्हणून त्या आकड्यावर माझा विश्वास बसतो. शिवाय अनेक गावांत वर्तमानपत्रच नव्हतं, किंवा असलेल्याचे अंक टिकले नाहीत. सापडलेले 5,000 हा तळाचा आकडा आहे, त्याच्या वर किती ते कोणी मोजलेलं नाही.

आणि फक्त गावं म्हणून चालणार नाही. 1916 च्या सुमाराला ऑल नेशन्स संघ इंडियानापोलिस एबीसीसारख्या, त्या काळच्या सर्वोत्तम कृष्णवर्णीय संघांशी बरोबरीने लढत होता. जॉन मॅग्रॉ हे न्यूयॉर्क जायंट्सचे मॅनेजर. डोनाल्डसन गोरा असता तर आपण त्याच्यासाठी 50,000 डॉलर मोजले असते, असं त्यांचं मत वर्तमानपत्रांतून फिरत होतं. शब्द नेमके त्यांचेच होते की छापणाऱ्याने फुलवले, त्याच्या खोलात मी जात नाही. याच मॅग्रॉ यांनी 1901 मध्ये चार्ली ग्रँट नावाच्या कृष्णवर्णीय खेळाडूला 'टोकोहामा' हे नाव देऊन चेरोकी म्हणून संघात घ्यायचा प्रयत्न केला होता आणि तो उघडा पडला होता. थोडक्यात, गोऱ्या बेसबॉलला या माणसांची किंमत चांगली माहीत होती. ती मोजायला ते तयारही होते. अट एकच होती: तू जो आहेस तो नाहीस असं म्हण.

डोनाल्डसनपुढे ही अट थेट आली. 1911 मध्ये सिनसिनाटीच्या मेजर लीग संघाने मार्सान्स आणि आल्मेइदा या उजळ वर्णाच्या दोन क्यूबन खेळाडूंना घेतलं होतं, त्यामुळे 'क्यूबन' हा शब्द म्हणजे अर्धवट उघडी खिडकी झाली होती. बेसबॉलमधल्या एका वजनदार माणसाने त्याला चांगली मोठी रक्कम देऊ केली. क्यूबाला जा, नाव बदल, मी तुला क्यूबन म्हणून परत आणतो. त्यात अशीही अट होती की त्याने पुन्हा कधी आईला भेटायचं नाही आणि आपल्या माणसांशी कसलाही संबंध ठेवायचा नाही. त्याने नकार दिला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने हे वर्तमानपत्राला सांगितलं, त्याचा आशय असा: मला माझ्या रंगाची लाज नाही, आणि माझ्या आईपेक्षा जास्त माया माझी कोणावर नाही.

हा प्रसंग मी माझ्या मुलांना सांगतो तेव्हा क्षणभर थांबतो. मेजर लीग, पैसा, नाव, रोजचा तोच माउंड, सगळं एका सहीच्या अंतरावर होतं. आणि त्याचा हात तेव्हा ऐन भरात होता. पिचरच्या हाताला अशी वर्षं फार मिळत नाहीत, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता डावखुरेपणाकडे येतो, कारण तुमच्या मुलाचा खरा प्रश्न तिथे आहे.

डावखुरा पिचर सेटला (चेंडू टाकण्याआधीच्या तयारीत) उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड पहिल्या बेसकडे असतं. पहिल्या बेसवरचा रनर त्याच्या डोळ्यासमोर असतो. उजव्या हाताच्या पिचरला तो पाठीमागे चाहुलीने ओळखावा लागतो. धावायला टपलेल्या रनरला जागेवर खिळवून ठेवणं हे डावखुऱ्याला जन्मतः मिळालेलं काम आहे. दुसरं, त्याचा कर्व्ह डावखुऱ्या बॅटरपासून बाहेर पळतो आणि उजव्या बॅटरच्या गुडघ्यात शिरतो. होम प्लेट (बॅटर उभा असतो ती जागा) 60 फूट 6 इंचावर, पुढचं पाऊल टाकून चेंडू सोडेपर्यंत ते अंतर आणखी कमी होतं, बॅटरकडे अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असतो. डोनाल्डसनचं नाव वेगापेक्षाही कर्व्हसाठी आणि चेंडू हवा तिथे ठेवण्यासाठी घेतलं जाई. जुने कृष्णवर्णीय खेळाडू बक ओ'नील म्हणत की पुढे गाजलेल्या सॅचेल पेज या पिचरला वाट दाखवली ती डोनाल्डसनने, आणि दोघांना पाहिलेली कित्येक माणसं डोनाल्डसनला पेजच्या तोडीचा मानत.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, पण डोनाल्डसनच्या नोंदी वाचायला ती लागते. डावखुऱ्याला कॅचर, सेकंड बेस, शॉर्टस्टॉप, थर्ड बेस या जागांवर सहसा कोणी उभं करत नाही, कारण, कॅचर सोडला तर, या जागांवरून पहिल्या बेसकडे फेकायचं तर त्याला अंग फिरवावं लागतं आणि तेवढ्यात रनर पोहोचतो. उरतं फर्स्ट बेस आणि आउटफील्ड. कृष्णवर्णीय संघांकडे खेळाडू मोजकेच असत, कोणालाही बसवून ठेवणं परवडत नसे. मग डावखुरा पिचर, ज्याला धावता येतं आणि बॅटिंग येते, तो पिचिंग नसलेल्या दिवशी सेंटरफील्डला जाई. डोनाल्डसनचं तेच झालं. 1920 च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर यांनी कृष्णवर्णीय संघांच्या नीग्रो नॅशनल लीगची स्थापना केली ('नीग्रो' हा शब्द आज कोणाला उद्देशून वापरत नाहीत, पण लीगचं नावच ते होतं). विल्किन्सन यांनी त्यात कॅन्सस सिटी मोनार्क्स हा संघ उतरवला. 'मोनार्क्स' हे नाव डोनाल्डसननेच सुचवलं असं मानतात. आणि मोनार्क्ससाठी तो पुढची काही वर्षं खेळला तो मुख्यतः सेंटरफील्डर म्हणून.

इथे नियमाचा घाव बसतो. 2020 च्या डिसेंबरमध्ये मेजर लीग बेसबॉलने 1920 ते 1948 या काळातल्या 7 नीग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला. 2024 च्या मे महिन्यात त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले, तेव्हा नीग्रो लीगमधल्या जॉश गिब्सनची बॅटिंगची सरासरी सगळ्यांच्या वर गेली. फार उशिरा झालेलं, पण योग्य काम. फक्त डोनाल्डसनची ऐन भरातली पिचिंगची वर्षं 1912 ते 1919 ची. लीगच नव्हती तेव्हाची. म्हणून आज अधिकृत नोंद उघडली तर हा माणूस दिसतो तो बहुतांशी आउटफिल्डर म्हणून. तुमच्या मुलाने नोंद पाहून 'हा तर पिचरच नाही' असं म्हटलं, तर त्याला कारण सांगा.

उलट उदाहरण हवं असेल तर बिल फॉस्टर पाहा. रूब यांचा सावत्र भाऊ, 25 वर्षांनी लहान, जन्म 1904 चा, तोही डावखुरा. त्याची कारकीर्द सुरू झाली 1923 मध्ये, म्हणजे लीग उभी राहिल्यावर, आणि बहुतेक गेली शिकागो अमेरिकन जायंट्समध्ये. त्यामुळे त्याची नोंद आहे, सामन्यागणिक आहे. 1926 ची ती एक दुपार मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. मोनार्क्सविरुद्ध प्लेऑफची मालिका, मोनार्क्स सामन्यांत 4-3 ने पुढे, त्यांना एकच विजय हवा. शिकागोला एकाच दिवसातले दोन्ही सामने जिंकायला हवेत. पहिल्यात फॉस्टर विरुद्ध मोनार्क्सचा पिचर बुलेट रोगन. फॉस्टर 1-0 ने जिंकला. दुसऱ्यासाठी फॉस्टर पुन्हा हात गरम करायला लागला, ते पाहून रोगननेही दुसरा पिचर बाजूला ठेवून स्वतः चेंडू घेतला. फॉस्टर पुन्हा जिंकला, 5-0. एका दिवसात दोन सामने, समोर रोगन, आणि एकही धाव नाही. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजही शिकागोने जिंकली आणि निर्णायक सामन्यात फॉस्टरनेच पुन्हा 1-0 केलं. 1933 चा पहिला ईस्ट-वेस्ट ऑल-स्टार सामना त्याने नऊच्या नऊ इनिंग टाकून जिंकला. पुढे मिसिसिपीत अल्कॉर्नच्या महाविद्यालयात तो डीन आणि बेसबॉलचा प्रशिक्षक झाला. 1978 मध्ये वारला, हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधला सर्वोच्च मान) गेला 1996 मध्ये.

दोघांत मोठा कोण? 1952 मध्ये पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वर्तमानपत्राने जुन्या जाणत्यांकडून सर्वोत्तम संघ निवडून घेतला. पहिल्या फळीत पाच पिचर होते: स्मोकी जो विल्यम्स, पेज, रोगन, फॉस्टर आणि डोनाल्डसन. ज्यांनी त्यांना पाहिलं, त्यांच्याविरुद्ध बॅट धरली, त्यांनी दोघांनाही एकाच ओळीत उभं केलं. माझ्यासाठी हा पुरावा कुठल्याही बेरजेपेक्षा वजनदार आहे. सामन्यागणिक नोंद पाहून मला एका सामन्यासाठी एकच पिचर निवडायचा असेल तर मी फॉस्टर घेईन. सबंध आयुष्य पाहून निवडायचं तर डोनाल्डसन.

कारण ते आयुष्य मोनार्क्सवर संपलं नाही. 1924 पासून तो मिनेसोटातल्या बर्था या हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावासाठी खेळला. गोऱ्या गावाने कृष्णवर्णीय पिचर पैसे देऊन आणला, त्याच्या नावावर आसपासची गावं गोळा व्हायची. पुढे त्याच्याच नावाचा 'जॉन डोनाल्डसन्स ऑल-स्टार्स' हा संघ फिरला. 1949 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स या मेजर लीग संघाने त्याला स्काउट (नवे खेळाडू शोधणारा) नेमलं. मेजर लीगमधला तो पहिला पूर्णवेळ कृष्णवर्णीय स्काउट. सॅम हेअरस्टन आणि बॉब बॉइड यांना त्या संघात आणण्यात त्याचा हात होता. ज्या दारातून त्याला कधी आत घेतलं नाही, त्या दाराशी उभा राहून तो तरुण पोरांना आत पाठवत होता.

1970 च्या एप्रिलमध्ये तो शिकागोत वारला. अल्सिपच्या बर ओक दफनभूमीत त्याच्या जागेवर दगडसुद्धा नव्हता. 2004 मध्ये नीग्रो लीगच्या विसरलेल्या खेळाडूंच्या कबरींवर शिळा बसवणाऱ्या स्वयंसेवकांनी त्याची शिळा बसवली, म्हणजे 34 वर्षांनी. हॉल ऑफ फेमच्या समितीसमोर 2021 च्या डिसेंबरमध्ये त्याचं नाव आलं. 16 पैकी 12 मतं लागतात, त्याला 8 मिळाली. त्याच दिवशी बक ओ'नील आत गेले, याचा आनंद आहे. डोनाल्डसन राहिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. समितीतल्या काहींना गावच्या संघांचे आकडे मोजता आले नसतील. पण तो गावच्या संघांशी खेळला कारण त्याला दुसरीकडे खेळू दिलं नाही. खेळू न देणाऱ्यांच्याच मापाने पुन्हा त्याला मोजायचं, हे मला पटत नाही.

तुमच्या मुलासाठी एक काम सांगतो. 1925 मध्ये मिनेसोटातल्या फर्गस फॉल्सला कोणीतरी डोनाल्डसनचं चित्रीकरण केलं होतं. ते पुढे बऱ्याच वर्षांनी सापडलं, जेमतेम 40 सेकंदांचं आहे, आवाज नाही. ते त्याच्याबरोबर बसून पाहा. पहिल्यांदा नुसतं पाहू द्या. दुसऱ्यांदा वेग निम्मा करा आणि फक्त उजवा खांदा पाहायला सांगा, किती वेळ बॅटरकडे राहतो आणि कधी उघडतो. तिसऱ्यांदा फक्त पाय. मग लगेच मैदानावर जा, मुलाचेही तेवढेच 40 सेकंद मोबाइलवर घ्या आणि दोन्ही शेजारी लावा. त्याचा खांदा लवकर उघडत असणार. या वयात 10 पैकी 8 डावखुऱ्यांचा उघडतो, आणि कर्व्ह वर राहण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. आठवडाभर रोज 20 वेळा, निम्म्या वेगाने, चेंडूऐवजी हातात रुमाल धरून पिचिंग करू द्या. पुढच्या रविवारी पुन्हा 40 सेकंद घ्या आणि मला पाठवा.